आंदणातलं दुसरं शहर

टँजियरला निघालेल्या माणसाला स्पेनमध्ये जो तो सावध करतो. पाकीट आतल्या खिशात ठेवा, बंदरावर गळ्यात पडणाऱ्या वाटाड्यांना भुलू नका, अंधार पडल्यावर मदिनेत, म्हणजे जुन्या शहरात, शिरू नका. तारिफाहून बोटीने तासाभराचा प्रवास. अंधेरीहून विरार गाठायला साधारण तेवढाच वेळ लागतो आणि पाकिटाची काळजीही तेवढीच घ्यावी लागते. त्यामुळे आम्हा उपनगरवाल्यांना या सूचनांचं फारसं भय वाटत नाही.

दोन दिवसांसाठी मी तिथे गेलो तो एका जुन्या सोयरिकीपायी. पोर्तुगालने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण दिलं, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण कॅथरिनच्या लग्नाच्या त्याच १६६१ च्या तहात टँजियरही दिलं गेलं होतं. लंडनला अप्रूप होतं ते त्याचंच. भूमध्य समुद्राच्या तोंडावरचं बंदर ते! (आमची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या आंदणात नव्हतीच. साष्टी पोर्तुगीजांनी स्वतःकडे ठेवली आणि १७३७ मध्ये ती मराठ्यांनी जिंकली.)

टँजियरवर इंग्रजांनी पैसा ओतला. उघड्या किनाऱ्याला आडोसा म्हणून समुद्रात प्रचंड बांध घातला. वेशीबाहेर मात्र मोरोक्कन फौजा टपलेल्या. १६६४ मध्ये खुद्द गव्हर्नर टेव्हियट चारशेंवर सैनिकांसह कापला गेला. अखेर १६८४ मध्ये इंग्रजांनी तो बांध आपल्याच हातांनी सुरुंग लावून उडवला आणि गाशा गुंडाळला. ही आवराआवर करायला रोजनिशीवाला सॅम्युअल पीप्स आला होता. त्याने शहराला मनसोक्त नावं ठेवली. याच टँजियरच्या खात्याचा खजिनदार म्हणून त्याने पूर्वी कमाई केली होती, ते निराळं.

मुंबई काही सुरक्षित होती असं नव्हे. ताबा घ्यायला आलेला शिपमन अंजदीव बेटावर वाट पाहत मेला. त्याच्या सुमारे चारशे शिपायांपैकी शंभराच्या आसपासच १६६५ मध्ये मुंबईत उतरले. पण बंदर निसर्गानेच दिलेलं. १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंडांवर कंपनीच्या गळ्यात मारलं आणि कंपनीने धरून ठेवलं.

टँजियरची आजची बदनामी त्यानंतरची. १९२० च्या दशकापासून १९५६ पर्यंत ते आंतरराष्ट्रीय शहर होतं. अनेक देशांचा कारभार, म्हणजे धड कोणाचाच नाही. हेर, तस्कर, सराफ सगळ्यांचं फावलं. ती कीर्ती गल्लीबोळांत अजूनही विकली जाते. वाटाडे चिकट खरे, पण दादर स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्यांशी ज्याने घासाघीस केली आहे त्याला ते भारी पडत नाहीत. २००७ मध्ये शहराबाहेर नवं अवाढव्य बंदर सुरू झालं, २०१८ पासून कॅसाब्लांकाला अतिवेगवान गाडी धावते.

खरी जोखीम मला दिसली ती कॅफे हाफामध्ये. १९२१ सालचं हे चहाचं दुकान कड्यावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातं. पुदिन्याच्या चहाचा पेला पुढ्यात ठेवून तरुण पोरं तासन् तास समोर बघत बसतात. हवा स्वच्छ असली की स्पेन दिसतो. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम चौदा किलोमीटर. माझ्या पासपोर्टवर युरोपचा व्हिसा होता. तो ज्यांना मिळत नाही, त्यांच्यातले काही रात्री रबरी होडीत बसतात आणि सगळेच पलीकडे पोचत नाहीत.

परतीची बोट सुटली तेव्हा त्या कड्यावरची एकही खुर्ची रिकामी दिसत नव्हती.