निघण्याआधी भेटून घ्या!

मार्च उजाडला की आपल्याला सुट्टीचे वेध लागतात आणि पाणथळीवर हिवाळा काढलेल्या पाहुण्या पक्ष्यांना परतीचे. तेव्हा दोस्तहो, सबमिशनच्या गडबडीतून एक रविवार काढा आणि नांदूर मध्यमेश्वर गाठा.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला गेला. वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली आणि पक्ष्यांची सोय झाली. २०२० मध्ये ही जागा महाराष्ट्रातलं पहिलं ‘रामसर’ स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ठरली.

चापडगावच्या बाजूला उजाडायच्या आत पोचा. एक जागा पकडा आणि तासभर तिथंच बसा. सुरुवातीला काहीच घडत नाहीये असं वाटेल. मग गवतातून शेपटी झटकत जांभळी पाणकोंबडी बाहेर येईल. कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी तरंगताना दिसतील. हिवाळाभर मळकट दिसलेला पिवळा धोबी आता हळदीसारखा उजळू लागलेला असेल. विणीच्या हंगामाचा त्याचा हा नवा ड्रेस!

पट्टकादंब अजून थांबलेले असतील, तर त्यांच्याकडे नीट बघा. हे हंस हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जातात. त्या प्रवासाचं इंधन म्हणजे अंगात साठवलेली चरबी. म्हणून तर सध्या त्यांचं एकच काम असतं, खाणं. आणि नेमकं आत्ताच कुणीतरी ‘फ्लाइट शॉट’साठी टाळी वाजवतं, खडा भिरकावतं. अख्खा थवा उठतो. आपल्याला पंधरा सेकंदांचं रील मिळतं, त्यांचं खाणं थांबतं आणि साठवलेलं इंधन जळतं ते वेगळंच. त्यामुळे साधा नियम ठेवा: पक्ष्यानं खाणं सोडून मान वर केली, की आपण दोन पावलं मागे यायचं.

चौघांत एक दुर्बीण पुरते. कोण दिसलं, किती दिसले, किती वाजता, हे वहीत लिहा. घरी आल्यावर ‘ई-बर्ड’वर टाका. पाहुणे कधी येतात, कधी जातात, हे अशाच नोंदी साठत गेल्या की कळतं.

नाशिक लांब पडत असेल, तर गावाबाहेरचा पाझर तलावही चालेल. या रविवारी मोजा, पुढच्या रविवारी त्याच जागी बसून पुन्हा मोजा. कोण निघून गेलं, ते तुमचं तुम्हालाच कळेल.