शंभरातले ७९

८६ आणि ९२. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने ‘कॉलेज असिस्टन्स मायग्रंट प्रोग्रॅम’ ऊर्फ ‘कॅम्प’ या योजनेसाठी ठरवलेली ही दोन उद्दिष्टे. स्थलांतरित आणि हंगामी शेतमजुरांच्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांपैकी ८६ टक्क्यांनी कॉलेजचे पहिले वर्ष पार पाडावे, आणि त्यांतल्या ९२ टक्क्यांनी पुढे शिकत राहावे. गुणाकार केला की शंभरातले ७९ उरतात. २०१९-२० च्या सरकारी पाहणीत पीकशेतीवरच्या मजुरांचे सरासरी शिक्षण नववीपर्यंतच भरले होते, हे पाहता आकडा लहान नाही.

योजना १९७२ पासूनची. ऑस्टिनच्या सेंट एडवर्ड्स विद्यापीठाने ती त्याच वर्षी सुरू केली. पात्रतेची मुख्य अट अशी, की विद्यार्थ्याने किंवा घरातल्या जवळच्या माणसाने मागच्या २४ महिन्यांत किमान ७५ दिवस अशी मजुरी केलेली असावी. ७५ दिवस ऐकायला थोडे वाटतात. पण चेरीची तोडणी काही आठवड्यांतच आटोपते. मग सफरचंद, मग आणखी कुठले पीक. दिवस असे जोडून जोडून भरायचे आणि त्यांचा पुरावाही गोळा करायचा!

शिकवणी, सल्ला, विद्यावेतन, राहण्याची सोय यांवरचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या वर्षावर होतो. ते योग्यच आहे. अर्ज कसा भरायचा, विषय कोणते घ्यायचे, हे विचारायला या मुलांच्या घरी बहुधा कोणी नसते. त्यानंतरच्या पाठपुराव्यावर मात्र अनुदानाच्या १० टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही. खरी अडचण इथे आहे. चार वर्षांच्या पदवीची तीन वर्षे बाकी असतात आणि उद्दिष्टांचे दोन्ही आकडे दुसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावरच थांबतात.

वर्षाला सुमारे २,००० विद्यार्थी. शाळा सुटलेल्यांसाठीच्या जोडयोजनेसह २०२४ ची तरतूद सुमारे ५.२ कोटी डॉलर. मे २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ही रक्कम आणि स्थलांतरितांच्या शालेय शिक्षणाचा निधी, मिळून ४२.८ कोटी डॉलर, शून्यावर आणण्याचा प्रस्ताव मांडला. परिणामकारकता सिद्ध झालेली नाही आणि खर्च फार, ही त्यातली दोन कारणे. पहिल्या आक्षेपाला चोख उत्तर पदवीधरांच्या आकड्यानेच देता आले असते. पण योजनेच्या उद्दिष्टांत तो आकडाच नाही, आणि तो आधी घालायला हवा.