मोटारसायकलीचा ताप आणि तिचे बोल्ट

घरांत यंत्र आलें म्हणजे त्या यंत्राचें ज्ञानही घरांत आलें, असें होत नाहीं. पितळी पातेल्याला कल्हई केव्हां हवी हें आपल्या आजीला कोणी न सांगतां कळत असे. परंतु दारांत उभ्या असलेल्या मोटारसायकलीला काय हवें आहे, हें आज घरांतील पदवीधर मुलालाही बहुधा कळत नाहीं. चालेल तोंपर्यंत चालवावी आणि थांबली म्हणजे ढकलत दुरुस्तीवाल्याकडे न्यावी, एवढ्यावर बहुतेकांचा यंत्रव्यवहार आटोपतो. आमचा पेशा शिक्षकाचा. विभक्ति आणि समास शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. तथापि जें वाहन आपल्या मुलांना रोज पाठीवर घेऊन धांवतें, त्याचीं मूलतत्त्वें वडीलधाऱ्यांनीं समजून घेतलीं पाहिजेत असें आम्हांस वाटतें. प्रस्तुत लेखांत आम्ही दोन गोष्टींचा विचार करणार आहों: इंजिन थंड कसें राहतें, आणि त्याचा एखादा बोल्ट हरवला वा तुटला तर दुसरा कसा निवडावा. वरवर पाहतां ह्या दोन गोष्टींचा संबंध दिसत नाहीं. तो पुढें आपोआप दिसून येईल.

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारणतः चौथा ते तिसरा हिस्सा चाक फिरविण्याच्या कामीं येतो. उरलेलीपैकीं कांहीं धुराबरोबर निघून जाते आणि कांहीं सिलिंडरच्या भिंतींत शिरते. जळत्या वायूचें तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर चढतें. आणि ज्या ॲल्युमिनियमचें इंजिन घडविलेलें असतें तें तर ६६० अंशांवरच वितळतें! मग इंजिन वितळून कां जात नाहीं? ज्वाला क्षणभरच टिकते, तिच्यामागून थंड हवा व पेट्रोल आंत येतें, आणि भिंतींत शिरलेली उष्णता अखंड बाहेर नेली जाते, म्हणून. ह्या शेवटच्या कामांत खंड पडला कीं तेल पातळ होऊन त्याचा थर तुटतो, दट्ट्या फुगतो आणि सिलिंडरांत अडकून बसतो. मात्र इंजिन अति थंड राहणेंही इष्ट नाहीं. गार इंजिन पेट्रोल अधिक खातें आणि त्याच्या तेलांत पाण्याचा अंश सांचतो. ताप नको, तसा गारठाही नको. शरीराप्रमाणें यंत्रालाही स्वतःची अशी एक समधात असते.

ही समधात राखण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला हवेचा. सिलिंडरच्या भोंवतीं पातळ पत्र्यांसारखीं जीं वलयें दिसतात, तीं शोभेचीं नव्हेत; हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढावा म्हणून तीं ओतलेलीं असतात. १९५५ पासून मद्रासेस तयार होऊं लागलेल्या बुलेट गाडीचें सिलिंडर बिडाचें होतें. बिडापेक्षां ॲल्युमिनियम उष्णता पुष्कळच लवकर वाहून नेतें, म्हणून पुढें त्याचाच प्रसार झाला. ह्या पद्धतींत पंप नाहीं, नळी नाहीं, गळण्यासारखें कांहीं नाहीं. उणीव एकच, कीं गाडी धांवेल तरच वारा मिळेल. चौकांतील खोळंब्यांत किंवा दोघांचें ओझें घेऊन घाट चढतांना वारा कमी आणि उष्णता जास्त, असा उलटा प्रसंग येतो. स्कूटरचें इंजिन तर पत्र्याआड झांकलेलें असतें. म्हणून १९७२ सालीं आलेल्या बजाज चेतकसारख्या गाड्यांत इंजिनानेंच फिरणारा पंखा बसविलेला असे. हवेनें थंड होणाऱ्या गाडीच्या मालकानें एवढेंच पाहावें, कीं वलयांमध्यें पावसाळ्यांतील चिखल वाळून बसलेला नाहीं. आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाण्याची बादली कधींही ओतूं नये.

दुसरा मार्ग तेलाचा. इंजिनांतील तेल घर्षण कमी करतें हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु दट्ट्याच्या पोटाखालची उष्णता उचलून आणण्याचें कामही तेंच करतें. हें तेल वाऱ्याच्या तोंडाशीं ठेवलेल्या लहानशा जाळींतून फिरवून आणलें कीं हवेला चांगली जोड मिळते. २०१६ सालच्या हिमालयन गाडींत अशी सोय होती. अशा गाडींत तेलाची पातळी कमी होणें म्हणजे एकाच वेळीं वंगणही उणें आणि शीतलताही उणी.

तिसरा मार्ग पाण्याचा. तो नवा वाटला तरी फार जुना आहे. १८९४ सालीं म्युनिक शहरीं हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर ह्यांनीं विक्रीसाठीं जी मोटारसायकल काढली, तिचें इंजिन पाण्यानें थंड होत असे, आणि तें पाणी मागील चाकावरच्या पोकळ मडगार्डांत साठविलेलें असे. इंग्लंडांत यॉर्कशायरमध्यें १९०८ पासून स्कॉट कंपनीनें हीच वाट धरली. १९७१ सालीं सुझुकीनें पाण्यानें थंड होणारी मोठी गाडी काढली, तेव्हां अमेरिकेंतील लोकांनीं तिला पाणम्हैस म्हणून हांक मारण्यास सुरुवात केली. आपल्याकडे २००८ सालची यामाहा आर १५ आणि २०१२ सालीं चाकणच्या कारखान्यांतून निघालेली केटीएम २०० ड्यूक ह्यांनीं ही पद्धत तरुणांच्या परिचयाची केली. २०२३ सालीं आलेल्या नव्या हिमालयननेंही तीच पत्करली.

हिची रचना समजण्यास कठीण नाहीं. सिलिंडरभोंवतींच्या पोकळींतून पंप द्रव फिरवितो. तापलेला द्रव रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातांना वाऱ्याला उष्णता देतो व परत येतो. मध्यें थर्मोस्टॅट नांवाची मेणाच्या गोळीवर चालणारी झडप असते. इंजिन गार असेपर्यंत ती बंद राहते आणि सुमारें ८० अंशांच्या आसपास मेण वितळून फुगलें कीं उघडते. गाडी थांबलेली असतां ताप वाढला तर विजेचा पंखा सुरू होतो. रेडिएटरचें झांकण म्हणजे तर प्रेशर कुकरच! दाबाखालीं पाणी १०० अंशांवर उकळत नाहीं, म्हणून तें अधिक उष्णता उचलूं शकतें. ह्या झांकणांतील दाब साधारणतः कुकरांतील दाबाच्या आसपास असतो. तेव्हां शिटी न काढतां कुकर उघडणें आणि तापल्या गाडीचें झांकण उघडणें ह्यांचें फळ एकच. इंजिन हाताला गार लागेपर्यंत त्या झांकणास स्पर्श करूं नये, हें घरांतील प्रत्येक मुलास बजावून ठेवावें.

त्या द्रवाविषयींही सावध राहावें. तो नुसतें पाणी नसून, त्यांत बहुधा निम्म्याच्या सुमारास एथिलीन ग्लायकॉल व गंज न चढूं देणारीं द्रव्यें असतात. विहिरीचें वा नळाचें पाणी घातल्यास आंत क्षार बसतात. घालावयाचें तर ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, कीं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असून विषारी आहे. हिरव्या वा गुलाबी रंगाचा हा द्रव सरबताच्या रिकाम्या बाटलींत भरून ठेवण्याची चाल प्राणघातक ठरूं शकते. तो मूळच्या डब्यांत, कुलपांत ठेवावा, आणि जमिनीवर सांडलेला ताबडतोब धुऊन टाकावा. लहान मूल तर राहोच, पण मांजर वा कुत्रेंही तो चाटून मरतें.

आतां बोल्टांकडे वळूं. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलाची पाण्यानें थंड होणारी गाडी एका दुरुस्तीवाल्यानें उघडली. पंपाच्या झांकणाचा एक बोल्ट हरवला, तेव्हां त्यानें हाताशीं असलेला तशाच जाडीचा दुसरा बसविला; तो पांच मिलिमीटर अधिक लांब होता. बोल्टाचें टोंक छिद्राच्या तळाशीं जाऊन टेकलें. पान्याला तो घट्ट लागला, परंतु त्याच्या डोक्यानें झांकण दाबलेंच नाहीं. रोज चार थेंब गळत राहिले. पुढें खंबाटकी घाट चढतांना तापाचा दिवा लागला. मुलानें घाट संपेपर्यंत जाऊं म्हणून गाडी तशीच रेटली, आणि इंजिनाचें डोकें वांकडें झालें. दिवेलागणीच्या वेळीं, वळणावर, मागून मालमोटारी येत असतां तो पोरगा बंद गाडी घेऊन उभा होता, आणि इकडे त्याची आई दाराशीं. आम्हीं तो बोल्ट नंतर हातांत घेऊन पाहिला. टोंकाकडचे आटे चेपलेले होते. बोल्टाची किंमत चहाच्या एका पेल्याइतकी, आणि दुरुस्तीचा खर्च मुलाच्या सहामाहीच्या फीइतका! तापाचा दिवा लागतांच गाडी सुरक्षित जागीं थांबवून इंजिन बंद करावें, हा ह्यांतील पहिला बोध. दुसरा बोध बोल्टाचा.

बोल्ट विकत घेतांना चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: जाडी, आट्यांमधील अंतर, लांबी आणि बळ. जाडीविषयीं एक घोटाळा नेहमीं होतो. दुकानांत आपण दहाचा बोल्ट मागतों, तेव्हां दहा हा अंक पान्याचा असतो. ज्याच्या डोक्याला दहाचा पाना लागतो तो बोल्ट बहुधा सहा मिलिमीटर जाडीचा, म्हणजे एम ६ असतो. आट्यांचें अंतर एम ६ ला सामान्यतः १ मिलिमीटर आणि एम ८ ला १.२५ असतें, परंतु एम १० मध्यें १.५ आणि १.२५ असे दोन्ही प्रकार गाड्यांत आढळतात. जुन्या बुलेटमध्यें तर इंग्रजी मापाचे आटेही आहेत. त्यांपैकीं १८४१ सालच्या व्हिटवर्थ पद्धतीचा कोन ५५ अंशांचा, आणि मेट्रिकचा ६० अंशांचा. म्हणून जुना बोल्ट बरोबर न्यावा, नव्याचे आटे त्याच्या आट्यांत बसवून दोन्ही उजेडाकडे धरावे, आणि मध्यें फट दिसल्यास तो परत द्यावा. बसवितांना पहिले चार फेरे बोटांनींच द्यावे. बोटांना जो जात नाहीं, त्याला पान्यानें घालूं नये.

लांबी डोक्याखालून मोजावी. ॲल्युमिनियममध्यें जाडीच्या दीडपट ते दुप्पट लांबीचे आटे धरलेले असावेत; आंखूड बोल्ट आटे उपटतो, आणि लांब बोल्ट काय करतो तें वर सांगितलेंच. एकाच झांकणाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. म्हणून पुठ्ठ्यावर झांकणाची आकृति काढून, काढलेला प्रत्येक बोल्ट आपआपल्या जागीं टोंचून ठेवावा.

बळाचा अंक डोक्यावर कोरलेला असतो. ८.८ ह्याचा अर्थ असा: पहिल्या आठास शंभरानें गुणावें, म्हणजे ८०० मेगापास्कल हें तुटण्याचें बळ, आणि त्याचे आठ दशांश, म्हणजे ६४०, एवढ्या ताणापर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाहीं. १०.९ व १२.९ ह्यांचा अर्थही असाच लावावा. अंक नसलेला खिडकी-फाटकाचा बोल्ट ब्रेकच्या जागीं बसविणें म्हणजे मुलाचा जीव टांगणीला लावणें होय. उलट, सर्वत्र सर्वांत बळकट बोल्ट घालण्यांतही शहाणपण नाहीं. पोलाद कितीही बळकट असलें तरी आटे ॲल्युमिनियमचे आहेत, आणि जोर केल्यास तेच जातात. एम ६ ला सुमारें १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या लहान पान्यावर दहा किलोचा भार. शिवाय ॲल्युमिनियम तापलें कीं पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. त्यामुळें प्रत्येक फेरींत बोल्ट ताणला जातो आणि गार होतांना सैलावतो. म्हणूनच इंजिनाच्या डोक्याचे बोल्ट मूळ कंपनीचेच घ्यावे. त्यांपैकीं कांहीं तर एकदां काढले कीं पुन्हां वापरावयाचे नसतात.

चकचकीत स्टेनलेस बोल्टांचा मोह तरुणांना फार. त्यांतील ए २-७० ह्या प्रतीचा बोल्ट ४५० मेगापास्कललाच नमतो, म्हणजे ८.८ पेक्षां तो दुबळाच. त्यांतून कोंकणासारख्या खाऱ्या हवेंत स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकत्र आले कीं ॲल्युमिनियम झिजतें व बोल्ट आंतच रुतून बसतो. जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी बोल्ट दिसण्यांत साधा, पण ॲल्युमिनियमशीं अधिक मिळतें घेणारा आहे.

व्याकरणाच्या परिभाषेंत बोलावयाचें तर डाग देऊन केलेला जोड म्हणजे संधि. त्यांत दोन वर्ण एकमेकांत मिसळून जातात. बोल्टाचा जोड म्हणजे समास. पदें एकत्र येतात, पण हवा तेव्हां विग्रह करतां येतो. ज्या समासाचा विग्रह होत नाहीं तो विद्यार्थ्यास छळतो, आणि जो बोल्ट निघत नाहीं तो मालकास.

पुण्याच्या बोहरी आळींत किंवा मुंबईच्या नागदेवी रस्त्यावर हव्या त्या मापाचा बोल्ट मिळतो. माप सांगणारें गिऱ्हाईक मात्र थोडें. वाचकांनीं एका रविवारीं मुलाला बरोबर घेऊन गाडीजवळ बसावें, द्रवाची व तेलाची पातळी पाहावी, पंपाखालच्या बारीक छिद्रांतून थेंब येतो कीं काय तें पाहावें, आणि ब्रेकच्या बोल्टांच्या डोक्यांवरील अंक त्याच्याकडून मोठ्यानें वाचून घ्यावे. एवढा पाठ त्याला आला, तर संध्याकाळीं घाटांतून परतणाऱ्या मुलाची वाट पाहणाऱ्या आईची काळजी थोडी तरी हलकी होईल.