नौकेचा भार कण्यावर, तोल टेकूंवर

मीरा-भाईंदर शहराच्या पश्चिम टोकाला समुद्रालगत उत्तन, चौक, पाली हे कोळीवाडे आहेत. पावसाळा तोंडावर आला की येथील मच्छीमारांची एकच लगबग सुरू होते. जाळी उतरवली जातात, नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि शाकारून ठेवल्या जातात. माशांच्या प्रजननकाळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पश्चिम किनाऱ्यावर २०१५ पासून ही मुदत १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची करण्यात आली. एवढा काळ कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन चार लाकडांच्या भरवशावर उभे राहते. म्हणूनच ही लाकडे कोणती आणि ती कोठे लावायची, याला महत्त्व आहे.

पाण्यात नौकेच्या तळाला सगळीकडून आधार मिळतो. जमिनीवर तोच भार मोजक्या जागांवर येतो. त्यामुळे पहिला नियम असा, की वजन तळाच्या मधोमध धावणाऱ्या कण्यावर पेलले जावे. कण्याखाली थोड्या थोड्या अंतरावर ठोकळे हवेत. आधार केवळ मध्यभागी दिला तर नौकेची दोन्ही टोके हळूहळू खाली झुकतात आणि फळ्यांचे सांधे उघडतात. बाजूंना लावलेले टेकू वजन पेलण्यासाठी नसतात. नौका कलंडू नये एवढेच त्यांचे काम.

ठोकळ्यासाठी टणक, न कुजलेले लाकूड सर्वांत भरवशाचे. जादा भार आला तर ते दबते, करकरते, म्हणजेच आधी इशारा देते. पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांचे तसे नाही. एका कडेवर भार एकवटला की ते अचानक फुटतात. विटांचा भुगा होतो, तर गोल दगड ओल्या जमिनीवर सरकतात. त्यामुळे बांधकामावरून उरलेले साहित्य स्वस्त पडले तरी या कामी ते टाळावे.

उंची वाढवायची असल्यास ठोकळे एकावर एक उभे न करता आडवे-उभे असे आलटून-पालटून रचावेत. अशा रचाईची उंची पायाच्या अरुंद बाजूच्या दुपटीपर्यंत ठेवणे सुरक्षित. तिपटीपलीकडे तर जाऊच नये. उरलेली फट पाचरींनी भरावी. पाचरी समोरासमोरून जोडीने ठोकल्यास आधार सपाट राहतो.

ठोकळा कितीही भक्कम असला तरी खालची जमीन खचली की तो निरुपयोगी. पावसाच्या प्रवाहाने वाळू वाहून जाते, चिखलात लाकूड रुतते. म्हणून ठोकळ्याखाली रुंद, जाड फळी घालून भार पसरवावा आणि पाणी वाहून जाण्यासाठी बाजूने चर काढावा. नौकेत साचणारे पाणीही विसरून चालत नाही. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन भरते. आच्छादन नीट बांधणे आणि तळाचे बूच काढून ठेवणे हे यावरचे साधे उपाय. दोन्ही बाजूंचे टेकू कण्याखालून साखळीने एकमेकांशी बांधल्यास ते बाहेर सरकत नाहीत. मोठ्या पावसानंतर पाचरी ढिल्या झाल्या नाहीत ना, हे पाहावेच लागते.

हेच शास्त्र चाकांवरच्या घरालाही लागू पडते. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणल्यानंतर अशा वाहनांतून मुक्कामाचा पर्याय चर्चेत आला. वाहनाला जोडून ओढायचे घर मुक्कामी उभे करताना आधी खालच्या बाजूच्या चाकाखाली फळ्या घालून ते समतल करावे, मग चाकांना अटकाव लावावा. कोपऱ्यांचे टेकू सर्वांत शेवटी टेकवावेत. घराचा भार चाकांवरच राहतो. टेकू केवळ डुलणे थांबवतात. त्यांच्यावरच घर उचलण्याचा प्रयत्न केल्यास ते वाकतात.

नौका असो वा फिरते घर, भार कोणी पेलायचा आणि तोल कोणी सांभाळायचा, ही वाटणी आधी ठरली पाहिजे. कोळीवाड्यात तिची पारख नौका पुन्हा पाण्यात लोटताना होते. सांधे घट्ट राहिले असतील, तर हंगामाचा पहिला दिवस दुरुस्तीत न जाता मासेमारीत जातो.