चष्मा मुलांचा, मोबाइल बापाचा

शाळा सुरू होऊन महिना झाला की दवाखान्यात एक ठरावीक तक्रार येऊ लागते. ‘फळ्यावरचे दिसत नाही म्हणतो’, ‘टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसते’, ‘लक्ष देत नाही असा बाईंनी वहीत शेरा दिला आहे’. ताप-खोकल्यासाठी आणलेल्या मुलाची ही तक्रार बहुधा जाता जाता, दाराशी उभे राहून सांगितली जाते. मग मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवले जाते, चष्मा लागतो आणि पुढच्या खेपेला वडील विचारतात, ‘डॉक्टर, हे सगळे त्या मोबाइलमुळेच ना?’ विचारताना त्यांचा स्वतःचा मोबाइल हातातच असतो, ही गोष्ट अलाहिदा.

मीही दोन मुलांचा बाप आहे. त्यामुळे हा प्रश्न मला दवाखान्यात भेटतो तसा घरीही भेटतो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर.

लहान मुलांना लागणारा चष्मा बहुतेक वेळा ‘मायनस’ नंबरचा असतो. जवळचे स्वच्छ दिसते, लांबचे अंधुक. शाळेच्या पुस्तकात याला निकटदृष्टिता म्हटले आहे. यात डोळा अशक्त झालेला नसतो, तो लांब झालेला असतो. जन्मतः बाळाच्या डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी साधारण १६-१७ मिलिमीटर असते. वाढत वाढत ती मोठेपणी २४ मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबते. ही वाढ प्रमाणाबाहेर गेली की बाहेरच्या वस्तूची प्रतिमा आतल्या पडद्यावर पडण्याऐवजी त्याच्या थोडी अलीकडे पडते आणि लांबचे पुसट दिसू लागते. एक मिलिमीटर जादा वाढ म्हणजे सुमारे अडीच ते तीन नंबर. उणे एक नंबर असलेल्याला एक मीटरच्या पुढचे अस्पष्ट दिसते, उणे दोनवाल्याला अर्ध्या मीटरच्या पुढचे, आणि उणे चारवाल्याला वीतभर अंतराच्या पलीकडचे. वर्गातल्या तिसऱ्या बाकावरून फळा किती लांब असतो, याचा हिशेब आपणच करावा.

डोळा एकदा लांबला की पुन्हा आखूड होत नाही. म्हणून नंबर ‘घालवण्याचे’ जे उपाय कानावर येतात त्यांचा उपयोग होत नाही. गाजर अवश्य खावे. त्यातून मिळणारे अ जीवनसत्त्व रातांधळेपणापासून वाचवते, पण गाजराने डोळ्याची लांबी कमी होत नाही. डोळे गरगर फिरवण्याच्या व्यायामाचेही तेच.

मग काळजी कशाची? चष्मा तर लाखो लोक लावतात. काळजी वयाची आहे. मूल वाढते तोवर नंबरही वाढत राहतो, साधारण अठरा-वीस वर्षांपर्यंत. तेराव्या वर्षी चष्मा लागलेल्याला वाढीची पाच-सात वर्षे उरतात, सातव्या वर्षी लागलेल्याला बारा-तेरा. नंबर उणे सहाच्या पुढे गेला की ताणलेला पडदा विरळ होतो. पुढे वयात पडदा सुटणे, काचबिंदू, पडद्याच्या मध्यभागाचा ऱ्हास यांचा धोका अशा डोळ्यांना इतरांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून चष्मा दोन वर्षे उशिरा लागला तरी तो मोठा फायदा समजावा.

आता मोबाइलकडे वळू. १९९३ साली इस्राएलमधील शाळकरी मुलांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. कडक धार्मिक शाळांत जाणारे मुलगे दिवसाचे कित्येक तास धर्मग्रंथ वाचत. त्यांच्यात मायनस नंबर फार मोठ्या प्रमाणात आढळला, तर त्याच समाजातल्या मुलींमध्ये तो खूपच कमी होता. तेव्हा कोणाही मुलाच्या हाती मोबाइल नव्हता. म्हणजे डोळ्याला पुस्तक पवित्र आणि मोबाइल अपवित्र असा भेद कळत नाही. त्याला अंतर कळते आणि वेळ कळतो. तासन्‌तास वीतभर अंतरावर धरलेली कोणतीही वस्तू त्याच्या दृष्टीने सारखीच. मोबाइलचा दोष असा की पुस्तकाला मूल कंटाळते, मोबाइलला कंटाळत नाही. शिवाय तो अंथरुणात, अंधारात, नाकाला चिकटवूनही पाहता येतो. त्या मानाने आठ-दहा फुटांवरचा टीव्ही डोळ्यांना सौम्य. पालकांना हे ऐकून नवल वाटते, कारण टीव्हीला शिव्या देण्यात आपली एक पिढी गेली आहे. आई-वडील दोघांनाही मायनस नंबर असेल तर मुलाला तो लागण्याची शक्यता वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जी महत्त्वाची गोष्ट उमगली, ती वेगळीच आहे. मुलांच्या डोळ्यांना दिवसाचा बाहेरचा उजेड लागतो. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळा निवडल्या. त्यांतल्या सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर दिला, बाकीच्या सहा शाळांत नेहमीप्रमाणे चालू ठेवले. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नवीन मायनस नंबर लागला होता, तर बाहेर नेलेल्या मुलांत ३०.४ टक्क्यांना. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध नाही, पैसा नाही, फक्त वर्गाबाहेरची चाळीस मिनिटे. तैवानने तर २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर ठेवण्याचा कार्यक्रमच हाती घेतला. तेथे वर्षानुवर्षे वाढत चाललेले कमी दिसणाऱ्या मुलांचे प्रमाण त्यानंतर उतरणीला लागले.

असे का व्हावे? घरात दिवा लावून आपल्याला लख्ख वाटतो तो उजेड मोजला तर तीनशे ते पाचशे लक्स भरतो. लक्स हे उजेड मोजण्याचे माप आहे. बाहेर झाडाच्या सावलीतही तो कित्येक हजार असतो, आणि भर उन्हात एक लाखापर्यंत जातो. आपली बाहुली लहान-मोठी होऊन हा फरक झाकून टाकते, त्यामुळे तो जाणवत नाही. तेजस्वी उजेडात पडद्यामध्ये डोपामिन नावाचे द्रव्य जास्त पाझरते आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालते, असे संशोधक मानतात. खेळणे हे निमित्त, खरे काम उजेडाचे. मूल झाडाखाली नुसते बसले तरी लाभ आहे. सूर्याकडे टक लावून पाहायचे नाही, हे मात्र मुलांना बजावून सांगावे.

याची उलटी बाजू २०२० मध्ये दिसली. करोनामुळे मुले घरात कोंडली गेली आणि शाळा पडद्यावर आली. चीनच्या शानतुंग प्रांतात शाळकरी मुलांची दरवर्षी तपासणी होत असे. सहा वर्षांच्या मुलांत मायनस नंबरचे प्रमाण आधीच्या पाच वर्षांत कधी ५.७ टक्क्यांच्या वर गेले नव्हते, ते त्या वर्षी २१.५ टक्के निघाले.

आपल्याकडे काय करता येईल? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचे नाव अनेकांनी वाचले असेल. तेथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा वाजला की सुरू. सरपंच विजय मोहिते आणि ग्रामस्थांनी मिळून हे ठरवले. करोनाच्या काळात मुलांच्या हाती आलेला फोन सुटत नाही, हे त्यामागचे कारण. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी की भोंगा मोठ्यांसाठीही होता. ‘तू अभ्यास कर’ असे म्हणून आपण पलंगावर पडून चित्रफिती पाहायच्या, हे मूल मान्य करीत नाही, आणि त्याचे काही चुकत नाही. मात्र डोळ्यांच्या दृष्टीने एक पुरवणी जोडली पाहिजे. सात वाजता दिवस मावळलेला असतो. त्या दीड तासात अभ्यास होईल, घरात बोलणे होईल, पण उजेड मिळणार नाही. तो आधीच कमवावा लागतो.

नाशिकमध्ये तो कसा कमवायचा हा खरा प्रश्न. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. शाळा सुटते पाचला, रिक्षा घरी पोचते साडेपाचला, सहाला शिकवणी. इमारतीच्या आवारात गाड्या उभ्या आणि भिंतीवर पाटी, ‘येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे’. काचा फुटतात हे खरे. पण काच बदलता येते, हे सोसायटीच्या बैठकीत कोणीतरी बोलले पाहिजे.

दोन तास एकदम मिळवण्याचा अट्टहास नको, तुकड्यातुकड्यांनी जमवावेत. सकाळी शाळेत पायी जाता आले तर पंधरा-वीस मिनिटे. मधल्या सुटीत डबा वर्गात न खाता बाहेर झाडाखाली खाल्ला तर अर्धा तास. खेळाचा तास गणिताला दिला जात असेल तर पालकसभेत विचारावे. उरलेले बापाने भरून काढावे. अंबड-सातपूरला पहिल्या पाळीत काम करणारे वडील दुपारी चारच्या आत घरी असतात. इतर बापांना न मिळणारा दिवसाचा उजेड त्यांच्या हाती असतो. तासभर झोप काढून मुलाला मैदानावर न्यावे. सुटीच्या दिवशी गोल्फ क्लबचे मैदान आहे, तपोवन आहे, पांडवलेण्याच्या पायऱ्या आहेत. उन्हाळ्यात अकरा ते चार टाळावे, टोपी घालावी, सावलीत बसावे. आणि तेथे गेल्यावर बापाने मोबाइल खिशात ठेवावा.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मात्र पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, तोही कमी असेल तितका चांगला, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. मोबाइल दाखवून घास भरवण्याची रीत घरोघरी झाली आहे. तिने आईचे काम सोपे होते, पण मुलाला पोट भरल्याचे कळेनासे होते. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

तपासणीबद्दल थोडे. मुलाला कमी दिसते हे मूल सांगत नाही, कारण जगाला असेच दिसते अशी त्याची समजूत असते. एका डोळ्याला जास्त नंबर असेल तर चांगल्या डोळ्यावर काम भागते आणि दुसरा आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आत हे सापडले तर उपचाराला चांगले यश येते, पुढे कठीण होत जाते. म्हणून तक्रार नसली तरी शाळेत घालण्यापूर्वी एकदा दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

नेत्रतज्ज्ञ मुलांच्या डोळ्यांत थेंब टाकून नंबर काढतात आणि काही वेळा दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतात. ‘दुकानात कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत नंबर निघतो, मग ही यातायात कशाला?’ असे पालक म्हणतात. लहान मुलाचे नैसर्गिक भिंग इतके लवचीक असते की तपासताना ते आपोआप आवळले जाते आणि यंत्र नसलेला किंवा जादा मायनस नंबर दाखवते. थेंबांनी ते सैल पडते आणि खरा नंबर कळतो. त्यानंतर काही तास, क्वचित त्याहून जास्त, जवळचे अंधुक दिसते आणि ऊन सहन होत नाही. त्याने घाबरू नये.

चष्मा लागला तर पूर्ण नंबराचा लावावा आणि सांगितल्याप्रमाणे वापरावा. ‘सवय लागेल’ या भीतीने कमी नंबराचा चष्मा दिल्याने नंबर थांबत नाही. मलेशियातील एका चाचणीत तर अशा मुलांचा नंबर अधिक वेगाने वाढल्याचे दिसले. मुलगी आहे म्हणून चष्मा दडवणारी घरे अजून आहेत. त्या मुलीला फळा दिसत नाही, एवढेच त्यातून निष्पन्न होते. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या काचांनी डोळ्यांचा शीण कमी होतो, असे अभ्यासांत दिसलेले नाही. नंबर भराभर वाढत असेल तर अगदी सौम्य प्रमाणातील अॅट्रोपिनचे थेंब रात्री टाकण्याचा उपाय आहे. तो नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावा. शेजाऱ्याच्या मुलाची बाटली आणून वापरू नये.

आता एक गोष्ट मोबाइलच्या बाजूने. लहान बाळाचा फ्लॅश लावून काढलेला फोटो नीट पाहा. दोन्ही बाहुल्या लाल दिसल्या तर ठीक. एक लाल आणि दुसरी पांढरी किंवा पिवळट चमकत असेल, आणि वेगवेगळ्या फोटोंत तसेच दिसत असेल, तर वाट पाहू नका. कधी ती नुसती फोटोच्या कोनाची गंमत असते, कधी मोतीबिंदू असतो, तर क्वचित पडद्याची गाठ, जिच्यात डोळ्याबरोबर जीवही वाचवायचा असतो. तो फोटो मोबाइलमध्ये तसाच ठेवून बाळाला लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्या आणि डॉक्टरांना फोटो दाखवा.