परदादीचं नाव काय होतं? खानदानाचा शोध एका प्रश्नापासून सुरू करा

जून महिना लागला की आमच्या शाळेच्या ऑफिसात पालकांची गर्दी होते. त्यात नव्या ॲडमिशनवाले कमी आणि जुने कागद शोधणारे जास्त. कुणाला मुलाचा जातीचा दाखला काढायचा असतो, कुणाची जात पडताळणीची फाईल अडकलेली असते. गेल्या वर्षी एक गृहस्थ आले. सलाम करून म्हणाले, "मॅडम, आमच्या आजोबांचं काहीतरी जुनं रेकॉर्ड असेल तर बघा ना."

"नाव?"

"शेख चाँद." (नाव मी बदललंय.)

"वडिलांचं नाव? कोणत्या साली शाळेत होते?"

"ते लई जुनं आहे मॅडम. रझाकाराच्या टायमाचं."

मी जनरल रजिस्टर काढलं. मराठवाड्यातल्या जुन्या शाळांची रजिस्टरं उर्दूत आहेत आणि आमच्याकडचं त्या काळातलं रजिस्टर चांगल्या अवस्थेत आहे. पण त्या एका रजिस्टरात सात शेख चाँद निघाले. सातांपैकी तुमचे कोणते? गृहस्थांना सांगता येईना. "काहीतरी रेकॉर्ड" शोधायला निघालेल्या माणसाला रजिस्टर सापडलं तरी आजोबा सापडत नाहीत.

मी त्यांना एकच काम देऊन परत पाठवलं. आजोबांचे धाकटे भाऊ हयात होते. त्यांना फक्त एवढं विचारायचं, की पोलीस ॲक्शन झालं तेव्हा चाँदभाई कितवीत होते? तारीख नाही, साल नाही. म्हाताऱ्या माणसाला साल आठवत नाही, पण 1948 चा सप्टेंबर मराठवाड्यात कोण विसरणार? चार दिवसांनी उत्तर आलं, तिसरीत. म्हणजे पहिलीत नाव घातलं ते 1946 च्या जूनच्या आसपास. रजिस्टरात साल फसली असतं, निजामाच्या राज्यात तेच चालायचं. फसली सालात 590 मिळवले की इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायचं, म्हणून जानेवारीनंतरच्या नोंदीला 591 मिळवायचे. 1946 चा जून म्हणजे 1355 फसली. ते पान उघडलं, सातातले सहा शेख चाँद बाजूला पडले आणि दहा मिनिटांत आजोबा समोर आले.

पण जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान" लिहिलेलं. आपल्या किती घरांची गाडी इथेच अडते ते वाचकांना सांगायला नको. ओबीसीच्या पडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 ही मानीव तारीख आहे. तिच्या आधीचा, वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाइकाचा, जातीचा उल्लेख असलेला कागद फाईलला मोठं वजन देतो. म्हणजे त्या गृहस्थांना "आजोबांचं रेकॉर्ड" नकोच होतं. त्यांना हवा होता 1967 पूर्वीचा असा कागद, ज्यात आजोबांच्या किंवा त्यांच्या सख्ख्या भावांपैकी कुणाच्या नावापुढे "पिंजारी" लिहिलंय. प्रश्न असा बदलल्यावर आजोबांचं पान मिटलं आणि भावांची पानं उघडली. त्याच धाकट्या भावाच्या नोंदीत तो शब्द मिळाला.

हे सगळं मी फार शहाणी असल्यासारखं सांगतेय, पण हीच चूक मी स्वतः केली आहे आणि ती आता दुरुस्त होण्यासारखी नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मला घराचा शजरा तयार करायची हौस आली. आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं, की आपले बुजुर्ग खुलताबादच्या औलियांबरोबर दख्खनमध्ये आले. मोठा चार्ट पेपर आणला, सगळ्यात वर त्या बुजुर्गांसाठी जागा सोडली आणि कामाला लागले. अब्बांची फुफी तेव्हा हयात होती, ऐंशीच्या पुढची. आम्ही तिला फुफी-दादी म्हणायचो. उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या मी तिच्याजवळ वही घेऊन बसले. "फुफी-दादी, सबसे पुराने कौन थे? कहाँ से आये थे?" ती बिचारी आठवून काहीबाही सांगायची आणि मधेच तिच्या आईवर यायची. अम्मा अशी करायची, अम्मा जात्यावर बसली की हे म्हणायची, अम्माच्या माहेरची बैलगाडी यायची. मी तिला परत वर ओढायचे. वही भरली. त्यात दंतकथा भरपूर, नाव-गावाचा पत्ता नाही.

जरा हिशेब केला असता तर कळलं असतं. खुलताबादचे हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं निधन 1337 सालचं. माझे परदादा जन्मले असतील 1895 च्या सुमाराला. मधे साडेपाचशे वर्षांपेक्षा जास्त काळ, म्हणजे वीसेक पिढ्या. त्या वीस पिढ्यांचा एक कागद माझ्याकडे नव्हता, आणि मी विचारत होते विसाव्या पिढीबद्दल.

फुफी-दादी वारली. त्यानंतर एकदा चार्ट पेपरवर परदादांच्या शेजारचा चौकोन भरायला घेतला तेव्हा लक्षात आलं, की परदादीचं नाव मला माहीत नाही. अब्बांना विचारलं. अब्बा म्हणाले, "बडी अम्मा." चाचांना विचारलं, तेही "बडी अम्मा." घरातल्या एकालाही तिचं नाव ठाऊक नव्हतं. ज्या बाईला ठाऊक होतं ती तिची सख्खी मुलगी होती, दोन उन्हाळे माझ्यासमोर बसली होती, सारखी आईबद्दलच बोलत होती, आणि मी तिला तेवढं सोडून बाकी सगळं विचारलं.

त्या दिवशी मी चार्ट गुंडाळून ठेवला आणि वहीच्या नव्या पानावर एकच ओळ लिहिली: माझ्या परदादीचं नाव काय होतं?

आता या ओळीत काय आहे ते बघा. माणूस एकच आहे. माहिती एकच हवी आहे. गाव ठरलेलं आहे, कारण ती लग्नानंतर मरेपर्यंत आमच्याच गावात राहिली. काळही ठरवता येतो: घरातले सांगतात की परदादा गेल्यावर ती तीन वर्षांनी गेली, आणि ते दोघं अब्बांच्या लहानपणी गेले. अब्बांचा जन्म 1950 चा. म्हणजे 1955 ते 1965 ही दहा वर्षं. एवढं नक्की झालं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: त्या गावात, त्या दहा वर्षांत, एका विधवा बाईचं नाव सरकार दरबारी लिहायची वेळ कधी आली असेल?

नवरा मेल्यावर. आमची थोडी जमीन होती. खातेदार मयत झाला की वारसांची नोंद होते, म्हणजे वारसाचा फेरफार. आपल्यात मुलंबाळं असलेल्या विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत आठवा हिस्सा आहे आणि मुलीला मुलाच्या निम्मा. प्रत्यक्षात तो हातात पडतो का हा वेगळा विषय, आणि त्यावर मी कधीतरी चिडून लिहीनच. पण हिस्सा असल्यामुळे बायको आणि मुलींची नावं फेरफारात येण्याची शक्यता बरीच असते. पुष्कळदा पुढच्याच फेरफारात बहिणींनी हक्क सोडल्याची नोंद असते, तिथे तीच नावं परत भेटतात. दुःखाची गोष्ट आहे, पण शोधणाऱ्याला उपयोगी.

फेरफार शोधायची रीत सोपी आहे, वेळखाऊ आहे. आजच्या सातबाऱ्यावर फेरफार नंबर असतात. तिथून एकेक मागे जायचं. जुन्या हाती लिहिलेल्या सातबाऱ्यात कमी झालेली नावं कंसात असतात, ती सोडू नका, आपले आजोबा-पणजोबा त्या कंसातच असतात. गट नंबर पडायच्या आधी सर्व्हे नंबर होते, म्हणून आपल्या गटाचा जुना सर्व्हे नंबर आधी तलाठ्याकडून लिहून घ्या. मराठवाड्यात 1954 च्या सुमाराचं खासरा पत्रकही मागायला विसरू नका. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज द्यावा लागतो. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आता सरकारच्या आपले अभिलेख पोर्टलवर घरबसल्या मिळतात. आधी तिथे बघा, एक चक्कर वाचते.

माझा प्रश्न "आमच्या खानदानाचा इतिहास" असता तर त्या रेकॉर्ड रूममध्ये मी काय मागितलं असतं? अर्जात लिहायला तरी काय होतं?

जमीन नसलेल्या घरांचं काय, असं कुणीतरी विचारेल. प्रश्न तसाच बांधायचा, फक्त कागद वेगळे. निकाहची नोंद काझींच्या रजिस्टरात असते. त्यात नवरा-नवरीचं नाव, दोघांच्या बापाचं नाव, महर, वकील आणि गवाह. गवाह बहुधा जवळचे नातेवाईक, म्हणून त्यांची नावंही उतरवून घ्या. गावचं जन्म-मृत्यू रजिस्टर आहे, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जुन्या मतदार याद्या आहेत, मात्र बायकांच्या बाबतीत त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या, पण आमच्या बडी अम्माची गोष्ट काही निराळी नाही.

मालेगाव-भिवंडीकडच्या माझ्या मैत्रिणी म्हणतात, आमचं सगळं माहीत आहे, आम्ही 1857 नंतर उत्तरेतून आलो. मोमीन विणकर तिकडून आले हे खरंच. पण सगळे एका वर्षी, एका काफिल्यात आले नाहीत, पुढच्या कित्येक दशकांत येतच राहिले. "मोमीन कधी आले" याचं उत्तर पुस्तकात मिळेल. तुमच्या घराचं मिळणार नाही. तिथे प्रश्न असा हवा: आमच्या घरातला मालेगावात जन्मलेला पहिला माणूस कोण, आणि त्याचा बाप कोणत्या गावाहून आला? कोकणातल्या घरांतून केप टाउनला गेलेल्यांचंही तसंच. सगळे नातेवाईक एकदम शोधू नका. गेलेला एक माणूस घ्या आणि त्याने घरी पाठवलेलं शेवटचं पत्र कुठून आलं होतं तेवढं आधी शोधा.

काम करताना मोह फार होतात. परदादीचा फेरफार शोधताना मला दुसऱ्याच एका इनाम जमिनीचा कागद दिसला, त्यात आमच्याच आडनावाचा कुणीतरी. जुनी मी असते तर सहा महिने त्याच्या मागे गेली असती. आता माझ्या वहीला मागून एक बाजू आहे, तिथे वर "बाद में" लिहिलंय. असं काही दिसलं की तारीख, कागदाचा नंबर, दोन ओळी तिथे टाकायच्या आणि पुढच्या बाजूला परत यायचं. घरातल्या लोकांना हा प्रकार आवडत नाही. चाचांना अजूनही वाटतं मी खुलताबादचं काम अर्धवट सोडलं.

आणि कागदाआधी माणसं. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर या आठवड्यात त्यांच्याकडे जा, पण पंचवीस प्रश्नांची यादी घेऊन जाऊ नका. एक प्रश्न न्या. "तुमच्या आईचं नाव काय, आणि माहेर कोणतं?" एवढाही पुरे. मग ते ज्या वाटेने जातील त्या वाटेने जाऊ द्या, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. मला जे सुचलं नाही ते तुम्ही करा.

फेरफार मिळाला. 1958 सालचा, तलाठ्याच्या मराठी अक्षरातला. मयत खातेदाराचे वारस म्हणून दोन मुलगे, एक मुलगी, आणि शेवटी पत्नी, वय 55. पत्नीचं नाव लिहिलेलं आहे. शेवटी "बी" स्पष्ट आहे. पहिल्या अक्षरावर शाई पसरली आहे, ते "र" आहे की "त" आहे हे भिंग लावूनही कळत नाही. दोन्ही वाचलं तरी आपल्याकडे चालणारं नाव होतं.

अब्बांना नक्कल दाखवली. त्यांनी बराच वेळ बोट ठेवून वाचलं आणि म्हणाले, आमच्या फुफीच्या मोठ्या मुलीला विचार, नानीचं नाव नातीला ठेवायची पद्धत होती. तिच्या मोठ्या मुलीचं नाव "त" वरून आहे.

हा पुरावा नाही, अंदाज आहे, म्हणून चार्टवर मी ते अजून पेन्सिलीनेच लिहिलंय. वहीत दुसरी ओळ लिहिली आहे: परदादीचं माहेर कोणतं, 1915 ते 1922 मधला निकाह कुणी पढवला? बैलगाडी उगवतीकडून यायची, एवढं फुफी-दादीच्या त्या भरलेल्या वहीत एका कोपऱ्यात सापडलं. आमच्या गावाच्या पूर्वेला बैलगाडीच्या अंतरावर तीन गावं आहेत. दिवाळीच्या सुट्टीत पहिल्या गावाच्या काझींकडे जाणार आहे.