वही ढगात, किल्ली कोणाच्या हातात?

जून महिना उजाडला की घराघरांतून वह्यांना कव्हरे घालण्याचे काम निघते. खाकी कागद, कात्री, डिंक यांचा पसारा पडतो. आई नावाची चिठ्ठी चिकटवते आणि वडील वह्यांच्या किमती पाहून मनातल्या मनात महिन्याचा हिशेब जुळवतात. अलीकडे या वह्यांच्या जोडीला आणखी एक वही घरात आली आहे. ती दप्तरात नसते, पावसात भिजत नाही आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना दिसतही नाही. मुले म्हणतात, “नोट्स ड्राइव्हवर आहेत.” आईवडील मान डोलावतात. पण ड्राइव्ह म्हणजे नेमके कुठे, हे विचारायला संकोच वाटतो. आज त्याविषयीच चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे.

त्याला कारण घडले ते आमच्या वस्तीतले. एका कष्टाळू मुलीने अकरावी-बारावीची सारी टिपणे कॉलेजने दिलेल्या खात्यात ठेवली होती. बारावी झाली, निकाल चांगला लागला. पुढच्या प्रवेश परीक्षेसाठी जुनी टिपणे काढायला बसली, तर खाते बंद! कॉलेजात चौकशी केली. उत्तर मिळाले की, विद्यार्थी बाहेर पडले की त्यांची खाती दरवर्षी बंद होतात, सूचना फळ्यावर लावली होती. ती सूचना हिने पाहिलीच नव्हती. मैत्रिणीची वही आणून तिने दोन महिने रात्री जागून पुन्हा उतरवून काढले. तिचे वडील आम्हांस म्हणाले, “भाऊ, कागदाची वही असती तर माळ्यावर तरी सापडली असती!”

या उद्गारात पुष्कळ काही आले. ‘क्लाऊड’ म्हणजे ढग असे म्हणतात खरे, पण त्यात ढगाचा काही संबंध नाही. हजारो संगणक मांडलेल्या मोठमोठ्या इमारती कंपन्यांनी ठिकठिकाणी उभारल्या आहेत. आपला मुलगा फोनवरून जे साठवतो ते इंटरनेटमार्गे तिथे जाऊन पडते. म्हणजे ही दुसऱ्याच्या घरातली फडताळाची एक फळी. ती वापरू द्यावी की नाही, किती द्यावी, हे त्या घरमालकाने ठरवायचे.

गुगल ड्राइव्ह २०१२ साली सुरू झाले. गुगलच्या खासगी खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते, पण त्या जागेतच टपाल, फायली आणि फोटो असे सारे येते. एक फोटो ३ एमबीचा धरला तर सुमारे पाच हजार फोटोंत ती भरते. लग्नाचे आणि वाढदिवसाचे फोटो त्यातच साठले, तर ऐन परीक्षेत नवे टपाल येणेही थांबते. टिपणे ठेवण्यासाठी एव्हरनोट, वननोट, गुगल कीप अशी निरनिराळी अॅप आहेत. पैकी एव्हरनोट पूर्वी फुकटात पुष्कळ मोकळीक देत असे. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी फुकट खात्याला ५० टिपणे आणि एकच वही अशी मर्यादा घातली. त्यात बेकायदा काही नव्हते. घरमालकाने भाडे वाढवले इतकेच.

मग ही सोय मुलांनी वापरूच नये काय? तसे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातल्या मुलाला ही सोय खरोखर उपयोगाची आहे. फोन पाण्यात पडला, हरवला, तरी टिपणे राहतात. काकाच्या फोनवर किंवा शाळेच्या संगणकावर आपले खाते उघडून अभ्यास करता येतो. मात्र काम संपल्यावर त्या खात्यातून बाहेर पडण्यास विसरू नये. आजारपणात आठवडा बुडाला तर वर्गमित्राने फळ्याचे स्कॅन करून ठेवलेले पान घरी बसून मिळते. ड्राइव्हमधली फाइल आधीच ‘ऑफलाइन’ करून ठेवली तर नेटचे पैसे संपले तरी ती उघडते. फोनच्या कळफलकावर मराठीत बोलून टिपणही करता येते.

शिक्षकांनाही यातून मदत होते. पूर्वी साठ वह्यांचा गठ्ठा घरी न्यावा लागे. आता मुलाच्या फाइलीत समासात शेरा लिहिता येतो आणि कोणी केव्हा काय बदलले तेही दिसते. मात्र सामायिक फाइल देताना ‘फक्त पाहणे’ आणि ‘बदल करणे’ यांतला फरक कटाक्षाने पाळावा. नाहीतर एका मुलाच्या चुकीच्या बोटाने साऱ्या वर्गाचे टिपण पुसले जायचे. तसे झालेच तर घाबरू नये, फाइलीची जुनी प्रत परत आणता येते. ड्राइव्हच्या कचरापेटीत टाकलेली फाइल ३० दिवस राहते, कीपमधले टिपण मात्र ७ दिवसच राहते.

एका गोष्टीचा विचार मात्र घरोघर व्हावयास हवा. फळ्याचा फोटो काढला म्हणजे धडा समजला असे नव्हे. २०१४ साली अमेरिकेत म्युलर आणि ओपनहायमर या संशोधकांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. लॅपटॉपवर टिपणे घेणाऱ्यांनी व्याख्यान जवळजवळ शब्दशः उतरवले, पण अर्थ विचारणाऱ्या प्रश्नांत हाताने लिहिणारे सरस ठरले. पुढे इतरांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तितका ठळक आढळला नाही. तेव्हा यावरून पेनाचा जयजयकार करण्याचे कारण नाही. पण ऐकलेले आपल्या शब्दांत मांडणे हीच टिपणाची खरी मेहनत होय, आणि ती कोणतेही अॅप मुलाऐवजी करणार नाही. आमच्या मते उत्तम रीत अशी की, वर्गात वहीत लिहावे, संध्याकाळी त्या पानाचा स्कॅन काढून विषयवार फोल्डरमध्ये ठेवावा. वही हाताशी राहते आणि प्रतही सुरक्षित राहते.

आता पालकांसाठी चार कामाच्या गोष्टी.

पहिली, शाळेचे खाते आणि स्वतःचे खाते वेगळे ओळखावे. शाळेच्या खात्याचा ताबा शाळेकडे असतो. शाळा सोडण्याआधी सारे आपल्या खात्यात उतरवून घ्यावे. गुगलमध्ये त्यासाठी ‘टेकआऊट’ नावाची सोय आहे. शाळेने ती खुली ठेवली आहे काय, हे शिक्षकांना आधीच विचारावे.

दुसरी, खाते अधूनमधून उघडावे. दोन वर्षे न वापरलेली खासगी खाती काढून टाकण्याचे काम गुगलने डिसेंबर २०२३ पासून हाती घेतले आहे.

तिसरी, पासवर्ड घरातल्या एका वहीत लिहून ती रेशनकार्डाजवळ जपून ठेवावी. खात्याला जोडलेला फोन नंबर बदलला तर तो खात्यातही लगेच बदलावा. सिम बंद पडले आणि पासवर्डही विसरला, तर खाते उघडणे फार कठीण होते.

चौथी, मुलाची माहिती जपावी. १३ वर्षांखालील मुलाचे गुगल खाते आईवडिलांच्या देखरेखीखालीच उघडावे लागते. संसदेने २०२३ साली केलेल्या कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांच्या संमतीची अट आहे. तेव्हा शाळा कोणते अॅप वापरते आणि त्यात मुलाचे काय काय भरले जाते, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. आपण फारसे शिकलो नाही म्हणून गप्प बसू नये.

आमच्या वस्तीतल्या त्या मुलीने ती प्रवेश परीक्षा दिली आणि ती आता पुढे शिकते आहे. परवा भेटली तेव्हा धाकट्या भावाच्या वह्यांना कव्हरे घालत बसली होती. शेजारी फोन होता आणि भावाला ती सांगत होती, “दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे स्वतःच्या खात्यात उतरवायचे. मी विचारणार आहे.” पालकहो, या रविवारी आपणही मुलाला जवळ बसवून एवढेच विचारा, “बाळा, तुझ्या नोट्स कुठे ठेवतोस, मला दाखव बघू.”